विचारा ताईला : चीनचा कंपनीवाला ज्ञानकोश अन् आपल्या गावाचं पान

प्रश्न : नमस्कार ताई. माहा पोरगा पुण्याले नोकरीले आहे, त्याच्या कंपनीत चीनच्या मशिनी येतेत. तो सांगून रायला होता का चीनमधी विकिपीडिया चालतच नाही, तिथं त्यायचा येगळा ज्ञानकोश आहे, लिहितेत लोकंच पण मालक कंपनी. मले काही हे पटलं नाही, लोकायनं फुकटात लिवाचं अन् कंपनीनं कमवाचं, असं कसं? दुसरं म्हंजे मागच्या हप्त्यात गावात एक जण आला, म्हणे पाच हजार द्या, तुमच्या गावाचं पान विकिपीडियावर टाकून देतो. ग्रामपंचायतीत चर्चा चालू आहे. द्यावं का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पाच हजार देऊ नका. हे आधी सांगून टाकते कारण तुमचं पत्र छापून येईपर्यंत ग्रामपंचायतीची मीटिंग होऊन जायची. आता चीनचं सांगते, कारण तुमचे दोन्ही प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत.

पोरगा बरोबर सांगतो. तिथला सगळ्यात मोठा ज्ञानकोश म्हणजे बायडू बायके. बायडू ही आपल्याकडच्या गूगलसारखी सर्चवाली कंपनी, ली यानहोंग तिचे एक संस्थापक, अन् बायके म्हणजे शंभर विषय. २००६ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं हा सुरू केला अन् आज त्यात दोन कोटींच्या वर नोंदी आहेत, चिनी विकिपीडियापेक्षा कितीतरी पट जास्त. सगळं लोकांनी लिहिलेलं. लोक का लिहितात म्हणाल तर लिहिलं की पॉइंट मिळतात, पॉइंटवर लेव्हल वाढते, आपल्या शाळेत वहीवर स्टार मिळायचा तसं, अन् आपण लिहिलेलं बायडूच्या सर्चमध्ये वर दिसतं त्याचाही आनंद असतोच ना माणसाला.

पण त्याच्या नियमांत एक गोष्ट आहे ती मला मनापासून खटकते. तुम्ही तिथं जे लिहाल त्याचे हक्क तुम्ही बायडूला दिले असं धरलं जातं. म्हणजे वावर तुम्ही वाहायचं, निंदण तुम्ही करायचं अन् सातबारा कंपनीच्या नावावर! विकिपीडियावर तसं नाही, तिथलं कोणीही उचला, छापा, पुस्तक काढून विकासुद्धा, फक्त कुठून घेतलं ते सांगा अन् पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. २००७ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्ष फ्लोरान्स देव्हुआर यांनी उघड तक्रार केली होती की बायडू बायकेवर चिनी विकिपीडियाचा मजकूर ना नाव ना गाव असा उचलून टाकलाय.

दुसरं म्हणजे तिथं अकाउंट काढल्याशिवाय लिहिता येत नाही, अन् लिहिलेलं लगेच दिसत नाही, आधी तपासलं जातं. चुका थांबवायला हे बरंच आहे, पण सरकारला जे नको तेही तिथंच अडतं. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन मोडताना लोकांवर गोळ्या चालल्या, ते तिथं खरं खरं वाचायला मिळणार नाही. अन् विकिपीडिया तर २०१९ च्या एप्रिलपासून चीनमध्ये सगळ्याच भाषांत बंद आहे, त्यामुळे तिथल्या पोराला दुसरीकडे ताडून बघायचं म्हटलं तरी अवघड.

आता तुमच्या पाच हजाराकडे येते. चीनमध्ये हुदोंग बायके नावाचा दुसरा असाच कंपनीवाला ज्ञानकोश होता, २००५ मध्ये पान हायदोंग यांनी काढलेला, पुढे टिकटॉकवाल्या बाइटडान्सनं घेतला. तिथल्या सरकारी टीव्हीवर दरवर्षी १५ मार्चला ग्राहकांच्या फसवणुकीवर मोठा कार्यक्रम असतो, २०१७ मध्ये त्यात याचं नाव आलं, की पैसे भरले की जाहिरातीसारखी नोंद लागते अन् खरंखोटं कोणी बघत नाही. तुमच्याकडे आलेला माणूस हेच विकून रायला आहे भाऊ! विकिपीडियावर पान लावायला एक रुपया लागत नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं ते उघड सांगायचं असा तिथं नियम आहे, अन् कौतुकाचं भरताड टाकलं तर दुसरा कोणी ते पुसून टाकू शकतो, मग पाच हजार गेले ते गेलेच.

कंपनी म्हटली की वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, जन्म रायपूरचा पण शाळा अमरावतीची, म्हणजे आपलेच, त्यांनीही कंपनी काढून, शेअर विकूनच महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. पण आज ते खंड कोणालाही नेटवर फुकट वाचता येतात. केवढं काम करून गेला हा माणूस, मला अजूनही भरून येतं.

तर आता करा काय? मोबाइलवर मराठी विकिपीडियात गावाचं नाव टाका. बहुतेक पान आधीच निघेल, एका ओळीचं, खाली मथळे – लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे – अन् मथळ्यांखाली काहीच नाही. माझ्या आजोळचं असंच होतं. बाजाराचा वार, जुन्या देवळाचं, नाल्याचं असं चार ओळी मी लिहिलं तर दोन दिवसांनी माझ्या वाक्यापुढे बारीक अक्षरात आलं, 'संदर्भ हवा'. मला आधी रागच आला, माझं आजोळ अन् मलाच विचारता! मग लायब्ररीत जाऊन जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, काढलं, देवळाची नोंद सापडली, पान नंबरासकट टाकली अन् तो शेरा निघाला. तुम्हीही तेच करा, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतून घ्या, पोळ्याचा एक चांगला फोटो तुम्हीच काढून टाका, सरपंचांचं कौतुक टाकू नका. कॉलेजात जाणारं एखादं पोट्टं दोन दिवसांत करून देईल.

प्रश्न : ताई, मी शिक्षिका आहे. मुलं प्रोजेक्टला नेटवरून जसंच्या तसं उतरवतात. कंपनीवाल्या कोशावर विश्वास नाही ठेवायचा, मग विकिपीडियावर तरी ठेवायचा का?
– एक शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : डोळे मिटून नाही ताई. २०२२ मध्ये उघडकीला आलं की चिनी विकिपीडियावर एकाच बाईनं मध्ययुगीन रशियाच्या इतिहासाचे दोनशेच्या वर लेख रचून टाकले होते, न झालेल्या लढाया, नसलेली चांदीची खाण, अन् वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नाही. कारण तिनं खाली संदर्भ इतके दिले होते की ते उघडून बघायचा कोणाला विचारच आला नाही, अन् पकडलं ते एका लेखकानं, संदर्भ खरंच ताडून बघितले तेव्हा.

वर्गात एवढं करून बघा. मुलांना एकच लेख द्या, खालच्या संदर्भांतला कोणताही एक उघडायला लावा अन् लेखात जे लिहिलंय ते तिथं आहे का ते शोधायला सांगा. मग वर 'इतिहास पहा' असतं ते दाबून कोणत्या तारखेला कोणी काय बदललं ते दाखवा. माझ्या भाच्याला मी हे दाखवलं तेव्हा तो अर्धा तास फोन सोडेना, गावाच्या पानावर कोणी तरी नदीचं नाव चुकवलं होतं ते त्यानंच दुरुस्त केलं. सहावीत आहे तो.