फेअर ट्रेडचा शिक्का असलेला माल महाग घेतला तर शेतकऱ्याला खरंच जास्त पैसे मिळतात का?

मिळू शकतात (फेअर ट्रेड म्हणजे शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव देऊन माल घ्यायची पद्धत), पण सगळे भावावरच अडकतात म्हणून लिहितोय. आमची कुडाळजवळ काजूची बाग आहे. एका वर्षी पावसात बाबांचं ऑपरेशन झालं, त्यात चवथ तोंडावर, गणपती तर आणायचाच, म्हणून बाबांनी व्यापाऱ्याकडून 40 हजार उचल घेतली. कागद नाही, व्याज नाही, बोली एवढीच की मार्चमध्ये बी त्यालाच घालायची. मार्चमध्ये वेंगुर्ला-4 या जातीची टपोरी बी, कडक उन्हात सुकवलेली, आणि त्याने चालू भावापेक्षा किलोमागे 15 रुपये कमी लावले, वर ओली आहे म्हणत पोत्यामागे दोन किलो घट धरली. मूठभर बी मी लादीवर टाकली, टणटण वाजली. बाबा खाली मान घालून उभे. रात्री मुंबईहून दादाचा फोन, तुम्हाला विकताच येत नाही, दुसरा व्यापारी बघायचा. कसा बघणार? पैसे कधीच खर्च झालेले.

आता फेअर ट्रेड. पहिला शिक्का 1988 ला नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर. 1997 ला वेगवेगळ्या देशांतले शिक्केवाले एकत्र आले, ऑफिस जर्मनीत बॉनला. किमान भाव आणि वरचा प्रीमियम, म्हणजे भावाशिवाय संस्थेला मिळणारी जादा रक्कम, सगळ्यांना माहीत असतो, प्रीमियम कशावर खर्चायचा ते शेतकऱ्यांची सभा ठरवते. पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो उचलीचा नियम. कॉफीत शेतकऱ्यांच्या संस्थेने मागितलं तर कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत पैसे खरेदीदाराने आधी मिळवून द्यायचे. म्हणजे भावाचा करार आधी, उचल नंतर. आमच्याकडे उचल आधी आणि भाव शेवटी, तोही व्यापाऱ्यानेच सांगायचा.

कारभाराचं म्हणाल तर बॉनच्या सर्वसाधारण सभेत निम्मी मतं शेतकरी-कामगारांची झाली ती 2013 पासून. पंचवीस वर्षं लागली, हे मला अजिबात पटत नाही.

आणि हो, तपासणीची फी संस्थेलाच भरावी लागते, शिवाय शिक्का असला तरी सगळा माल त्या भावाने जाईलच असं नाही, उरलेला साध्या बाजारात जातो.

तुम्ही मुंबईत असाल आणि गावी बाग असेल तर शिक्क्याचं नंतर बघा, चवथीच्या आधी घरी पैसे पाठवा. दादाने ते 40 हजार तेव्हा पाठवले असते तर मी पोती घरात ठेवून चार ठिकाणी भाव विचारला असता.