एकच बहार धर

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. परीक्षेच्या निकालाच्या यादीत नाव नाही, पुण्याची खोली सोडून तू नागपूरला परत आलीस आणि लिहितेस, "सर, आता पुन्हा शून्यापासून." शून्य मला मान्य नाही. इतकी वर्षं केलेला अभ्यास कुठे जात नाही.

काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांत सध्या आंबिया, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलांचा बहार, फुटलाय. याच बागांचं पाणी डिसेंबर-जानेवारीत शेतकऱ्यांनी मुद्दाम तोडलं होतं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात. बघणाऱ्याला वाटतं, बाग गेली! मग खत देऊन आधी हलकं पाणी सोडतात, नंतर भरपूर, आणि झाड पांढऱ्या फुलांनी लगडतं. हा पाण्याचा ताण नीट बसला नाही तर नुसती नवती निघते, पानंच पानं. पण तो लांबला तर झाडच खचतं, हेही तितकंच खरं.

तुझा ताण आता पुरे झाला. म्हणून उद्यापासून चौदा तास अभ्यासाचं वेळापत्रक लावू नकोस. पंधरा दिवस पोटभर जेव, वेळेवर झोप, सकाळी अंबाझरी तलावाला चक्कर मार. पहिलं पाणी हलकंच हवं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परीक्षा, बी.एड., शिकवणी आणि मैत्रिणीसोबतचा व्यवसाय, चारही एकदम करायचं म्हणतेस. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार घेता येतात, पण जाणता शेतकरी वर्षाला एकच धरतो. दोन्हींच्या मागे लागलं की झाड लवकर थकतं. तूही एकच धर. बाकीचं कायमचं सोड असं मी म्हणत नाही, यंदा सोड. होळीपर्यंत ठरव, कारण आपल्याकडचा वसंत फार थोडा. गोरेवाड्याकडचा पळस डोळाभर बघेपर्यंत मार्च संपतो आणि पारा चाळिशीला टेकतो.

आणि निवड झाली की लगेच फळ मागू नकोस. आत्ता फुललेला आंबिया तोडणीला येतो ऑक्टोबरनंतर. मधे अख्खा उन्हाळा काढायचा असतो, पाण्याची काळजी करत. फुलांतली बहुतेक तर गळूनच जातात. झाडाखाली पांढरा सडा पडतो आणि त्याने कोणी हाय खात नाही. सगळीच फळं धरली तर फांद्या मोडतील.

रविवारी सकाळच्या एसटीने काटोलला जाऊ. ओळखीची बाग आहे. चारातलं एक ठरवून ये. नाहीच ठरलं तरी ये, बांधावर बसून बोलू. डबा मी आणतो. टोपी मात्र विसरू नकोस, दुपारी ऊन चढतं. आईला नमस्कार सांग.

तुझे सर