इंजिन रीबिल्डनंतर उरलेले ओरिजिनल पार्ट सुटे विकावेत की सगळे एकत्र?

फोर्ज्ड पिस्टन-रॉड, मोठे इंजेक्टर आणि नवा टर्बो टाकल्यावर मूळचे पार्ट कसे विकायचे, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: घाई करू नका. रनिंग-इन (नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवून रुळवणं) आणि ट्यूनिंग पुरं होईपर्यंत जुने इंजेक्टर, टर्बो आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) हाताशी ठेवा. काही गडबड झालीच, तर दोष कुठे आहे ते जुना पार्ट लावून तपासता येतं.

बेअरिंग शेल, रिंगा, हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट विकायचेच नाहीत. टॉर्क-टू-यील्ड हेड बोल्टही नाहीत. ते कसताना कायमचे ताणले जातात, म्हणून थेट भंगारात.

अल्टरनेटर, स्टार्टर, थ्रॉटल बॉडी खुशाल सुटे विका. पिस्टन, रॉड आणि इंजेक्टर मात्र पूर्ण सेटमध्येच. रॉड आणि त्याची कॅप (रॉडचं खालचं टोक क्रँकभोवती बंद करणारा तुकडा) जोडीने मशीन केलेली असते. अदलाबदल झाली की बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, भोक गोल राहत नाही आणि नवं बेअरिंग खाल्लं जातं. म्हणून खोलल्याबरोबर प्रत्येक कॅप आपल्याच रॉडवर, त्याच दिशेने, हलक्या हाताने बोल्ट लावून ठेवायची आणि सिलिंडर नंबर लिहायचा. कॅमशाफ्ट हेडवर धरून ठेवणाऱ्या कॅपचंही तेच. त्या हेडबरोबरच बोअर केलेल्या असतात, त्यामुळे कॅप हरवलेलं हेड जवळपास भंगारच.

गिऱ्हाईक पैसे देतं ते मापांना. "चांगल्या कंडिशनमध्ये" या शब्दांवर कोण विश्वास ठेवणार? क्रँकचा प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) मायक्रोमीटरने काटकोनात दोनदा मोजा. स्टँडर्ड आहे की 0.25 मिमी अंडरसाइज (घासून तेवढा बारीक केलेला), ते लिहा. हेडवर स्ट्रेटएज (अगदी सरळ धारेची पट्टी) उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) लावा. 0.05 मिमीची पाती जिथे सरकते ती जागा सांगून टाका. जर्नल बेअरिंगच्या (बॉल बेअरिंग नसलेल्या, तेलाच्या थरावर फिरणाऱ्या) टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलणं नॉर्मल आहे. पुढे-मागे हललेला हाताला जाणवला किंवा चाक हाऊसिंगला घासलं, तर तो दुरुस्तीलायक म्हणूनच विका. फोटोत पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट वाचता यायला हवा, कारण तेवढ्या एका अक्षराने पार्ट बसत नाही.

चमकवण्यासाठी सँडब्लास्टिंग नको. वाळू ऑइल गॅलरीत, म्हणजे आतल्या तेलाच्या वाटांत, अडकते आणि पुढच्या माणसाचं इंजिन खाते. डिझेलने किंवा डीग्रीझरने धुवा, वाळवा, क्रँकला तेल लावून व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदात गुंडाळा. इंजेक्टरमधलं इंधन पूर्ण काढून दोन्ही टोकांना टोपणं लावा. कॅम बसवलेलं हेड कधीही पालथं ठेवू नका. काही व्हॉल्व्ह उघडे असतात आणि हेडच्या वजनाने वाकतात.

ईसीयू इमोबिलायझरशी (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) जोडलेला असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या गाडीत इंजिन सुरूच होणार नाही आणि पार्ट तुमच्याकडे परत येईल.