ओटीवरचं बोलिंग: प्रश्न तुमचे, उत्तरं जाणकारांची

प्रश्न: दुबईहून आणलेला निन्टेंडो वी (टीव्हीला जोडून, रिमोट हलवत खेळायचा व्हिडिओ गेम) आहे. गणपतीत घर भरलं की खेळतो. पण नेमका तेव्हाच पडद्यावरचा हात (रिमोट रोखू तिथे जाणारं चिन्ह) थरथरतो, मध्येच गायब होतो. रिमोट बिघडला का? – वाचक, गुहागर

रिमोट शाबूत असावा. संशय समईवर घ्या. टीव्हीजवळ ठेवतो ती ‘सेन्सर बार’ नावाची पट्टी स्वतः काहीच टिपत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, दिवे असतात, एवढंच. टिपणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी, काळ्या काचेमागे असतो आणि त्या दोन ठिपक्यांवरून पडद्यावरचा हात कुठे दाखवायचा ते ठरतं. ज्योतीतूनही भरपूर इन्फ्रारेड निघतं. टीव्हीशेजारी समई, निरांजन किंवा जुन्या तारेच्या बल्बांची माळ असली की ठिपके वाढतात आणि रिमोट गोंधळतो. एलईडीच्या माळेचा सहसा त्रास नाही.

मखर खेळणाऱ्याच्या पाठीमागे गेलं की अडचण सुटते, पण बाप्पाकडे पाठ करून खेळणं घरात कुणाला पटणार नाही. तेव्हा टीव्हीच पडवीत न्या. तरीही हात दिसला नाही तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पट्टीकडे बघा. बहुतेक मोबाइलवर दिवे जांभळट दिसतात. दिसलेच नाहीत तर पट्टीची वायर तुटली असेल. वीसेक सेंटिमीटर अंतरावर दोन पणत्या ठेवूनही हात हलतो, पण ते तपासण्यापुरतंच. टीव्हीपाशी उघडी ज्योत ठेवून खेळू नका.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीहून वी आणतेय. पिन बदलली की चालेल ना? – वाचक, दापोली

नाही. तिथला अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० व्होल्टवर जळेल. २२०-२४० व्होल्टचा वीचाच अडॅप्टर घ्या, नाहीतर व्होल्टेज उतरवणारा १०० वॉटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर.

प्रश्न: आई ७२ वर्षांची. मोबाइलवरचे गेम तिला जमत नाहीत. नातवंडांबरोबर हे खेळू शकेल? – वाचक, मालवण

बोलिंगपासून (क्रिकेटचं नव्हे, चेंडू घरंगळवत उभ्या सोंगट्या पाडायचा खेळ) सुरुवात करा. बटणांच्या गेममध्ये अंगठे काय करतायत ते बाजूला बसलेल्याला कळत नाही. इथे चेंडू टाकायचा तर हाताचा झोकाच द्यायचा, त्यामुळे नियम न सांगता समजतो. वीच्या बोलिंगमध्ये एकच रिमोट चौघांत फिरतो. एकाची पाळी, बाकीच्यांची शेरेबाजी. खरी गंमत तिथेच आहे. टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू आपोआप धावतो, आपण फक्त वेळेवर बॅट फिरवायची. पण पोरं नुसतं मनगट झटकून जिंकतात हे लवकरच शोधून काढतात आणि मग आजीचा विरस होतो.

रिमोट उभा धरून खालचं बी बटण दाबून ठेवायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचं. सोडायचं ते बटण, रिमोट नव्हे! नवख्यांची हीच चूक होते, म्हणून मनगटाचा पट्टा घट्ट हवाच. बटण मागेच सुटलं तर चेंडूही मागे जातो आणि पडद्यावरचे प्रेक्षक उडी मारतात. खुर्चीत बसूनही जमतं. मात्र खुर्ची बिनहाताची घ्या आणि आजूबाजूला हातभर जागा मोकळी ठेवा. माळा ठेंगणा असेल तर उंच पोरांचा हात वाशाला लागणार.

प्रश्न: एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलचा किनेक्ट (रिमोटशिवाय अंगाची हालचाल टिपणारा कॅमेरा) ओटीवर लावलाय. रात्री उत्तम, दुपारी माणूसच ओळखत नाही. – वाचक, देवगड

किनेक्ट खोलीभर इन्फ्रारेड ठिपके टाकून अंतर मोजतो. उन्हातलं इन्फ्रारेड ते ठिपके पुसून टाकतं. माजघरात लावा. एकट्याला सुमारे १.८ मीटर, दोघांना २.४ मीटर मागे उभं राहायला हवं. लुंगीत किंवा साडीत गुडघे सापडत नाहीत. मागे घुटमळणाऱ्या पोरांना बसवा: तो सहा माणसं ओळखतो, पण सांध्यासांध्यांची हालचाल दोघांचीच टिपतो.

प्रश्न: पावसाळ्यानंतर वीचा रिमोट चालूच होत नाही. – वाचक, वेंगुर्ला

सेल आत राहिले असणार. दमट, खाऱ्या हवेत पत्र्या गंजतात, शिवाय सेलही गळतो. पांढरी पूड दिसली तर ती अल्कली आहे, बोट लावू नका. कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि दिवसभर वाळू द्या. हिरवट थर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. पुढच्या मृगाआधी सेल काढून रिमोट ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.