ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याने कोणता संघ आपला मानावा?

तुम्ही विचारले आहे की, नागपूरहून नोकरीनिमित्त घणसोलीत राहायला आल्यावर तुम्हाला इथे मोठमोठी मैदाने दिसली, पण ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या नावाचा संघ आयपीएलमध्येही नाही आणि इंडियन सुपर लीगमध्येही नाही; मग इथली माणसे नेमक्या कोणत्या संघाला आपले मानतात आणि त्यात खरा आपलेपणा असतो की शेजारच्या शहराचे नाव उसने घेतलेले असते? मी ठाण्यात लहानाचा मोठा झालो, गेली बरीच वर्षे तुर्भ्याला नोकरीसाठी ये-जा करतो आणि दोन्ही खेळांचे सामने शक्य तेव्हा मैदानावर जाऊन पाहतो. माझे उत्तर असे आहे की क्रिकेटमध्ये आपला संघ म्हणजे मुंबईचा रणजी संघ, फुटबॉलमध्ये तक्रारीसकट मुंबई सिटी, आणि मुंबई इंडियन्सचा क्रमांक या दोघांच्या नंतर लागतो. हा क्रम अनेकांना पटणार नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत हे तुम्हाला विदर्भामुळे ठाऊक असेलच. ठाणे, नवी मुंबई, कल्याण, डोंबिवली आणि पालघर हा सगळा पट्टा पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे नसून मुंबई क्रिकेट संघटनेकडे येतो. त्यामुळे इथला मुलगा चांगला खेळू लागला की त्याच्यासमोर एकच दार असते, आणि त्या दारापर्यंत पोहोचायला लोकल पकडावी लागते. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. शार्दूल ठाकूर पालघरचा, आणि तो क्रिकेट शिकला तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 2014 मध्ये. तुषार देशपांडे कल्याणचा. सकाळच्या गर्दीत पाठीवर स्वतःच्या उंचीएवढी किट-बॅग घेऊन दारापाशी अंग चोरून उभा राहिलेला मुलगा आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. डब्यातली माणसे त्याच्यावर कधी खेकसतात, कधी त्याची बॅग वरच्या फळीवर चढवायला मदत करतात. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला भारताने ऑस्ट्रेलियाला हरवले तेव्हा कर्णधार रहाणे होता, आणि त्याच कसोटीत शार्दूलने 67 धावा करून सात बळीही घेतले होते. ठाणे स्थानकावर उभे राहून ती बातमी वाचताना हा विजय आपल्या लोकलच्या दोन स्थानकांचा आहे, असे मला वाटले होते, आणि आजही तसेच वाटते.

फेब्रुवारी 2024 मधला बडोद्याविरुद्धचा रणजी उपांत्यपूर्व सामना मी मैदानावर पाहिला नाही, कारण रजा मिळाली नव्हती. मी तो कार्यालयात फोनवरच्या धावफलकावर पाहिला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मुंबईच्या दुसऱ्या डावात 337 धावांवर नववा गडी बाद झाला आणि अकराव्या क्रमांकावर तुषार देशपांडे आला. पहिल्या डावाची आघाडी हातात होती, आणि रणजीचा बाद सामना अनिर्णित राहिला तर ती आघाडी घेणारा संघ पुढे जातो, त्यामुळे खरे तर चिंतेचे कारण नव्हते. पण तनुष कोटियन आणि तुषार खेळतच राहिले. दर दहा मिनिटांनी मी फोन उघडत होतो आणि आकडा वाढलेलाच दिसत होता. कोटियन नाबाद 120, तुषार 123, आणि भागीदारी 232 धावांची. रणजीतला शेवटच्या गड्यासाठीचा विक्रम 233 धावांचा, म्हणजे तो एका धावेने हुकला. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके करण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही केवळ दुसरी वेळ होती. पहिली 1946 साली ओव्हलवर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी सरेविरुद्ध साधली होती. माझ्या शेजारी बसणारे सहकारी कल्याणचे आहेत. तुषारचे शतक झाले तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि काही न बोलता माझा हात हातात घेऊन उभे राहिले.

त्यानंतरचा अंतिम सामना तुमच्याच विदर्भाशी झाला, आणि त्याच्या शेवटच्या दिवशी, 14 मार्चला, मी रजा टाकून वानखेडेला गेलो. जिंकायला 538 धावा हव्या असताना विदर्भ लढेल असे मला वाटले नव्हते. पण अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ मांडीवर वही ठेवून पेन्सिलीने धावा लिहीत होते. निर्धाव चेंडूंचे ठिपके इतके जवळजवळ पडले होते की पानावर नुसती काळी ओळ उमटल्यासारखी दिसत होती. उपाहारानंतर कोटियनने वाडकरला 102 धावांवर पायचीत केले तेव्हा त्या गृहस्थांनी आधी पेन्सिल खाली ठेवली, उभे राहून वाडकरसाठी टाळ्या वाजवल्या आणि तो आत गेल्यावरच विकेट लिहिली. त्यानंतर शेवटचे पाच गडी अवघ्या 15 धावांत गेले. शेवटचा गडी धवल कुलकर्णीने घेतला. तो त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना होता आणि रहाणेने मुद्दाम चेंडू त्याच्या हाती दिला होता. मुंबई 169 धावांनी जिंकली आणि बेचाळिसावा करंडक आला. पुढच्याच हंगामात नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने आम्हाला 80 धावांनी हरवले आणि करंडकही जिंकला, हेही इथे नोंदवायला हवे. तो संघ त्या यशाला पूर्णपणे पात्र होता.

त्याच हंगामातल्या, जानेवारी 2025 च्या, आणखी एका सामन्याबद्दल सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पूर्ण होत नाही. जम्मू-काश्मीरविरुद्ध रोहित शर्मा आणि यशस्वी जैस्वाल खेळणार म्हणून त्या सामन्याची देशभर चर्चा झाली. मुंबईचा पहिला डाव 120 धावांत संपला. दोन्ही डावांत संघाला सावरणारा फलंदाज होता शार्दूल. त्याने 51 आणि 119 धावा केल्या, तरी आपण पाच गड्यांनी हरलो. मोठी नावे अधूनमधून येतात आणि त्यांच्यासोबत कॅमेरेही येतात. पण लोकल पकडून आलेला खेळाडू संघ अडचणीत असताना खेळपट्टीवर उभा असतो. माझी निष्ठा रणजी संघाकडे जाते ती याच कारणाने.

मुंबई इंडियन्सबद्दल मला आकस नाही. पाच विजेतेपदांचा आनंद मीही घेतला आहे आणि संघाचा सराव तर तुमच्या घणसोलीतल्याच मैदानावर चालतो. परंतु हा संघ लिलावात घडतो. 2010 चा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला, सचिन तेंडुलकर हाताला टाके असताना खेळला, आणि आपण चेन्नईकडून 22 धावांनी हरलो. पोलार्डला इतक्या उशिरा फलंदाजीला का पाठवले, हा प्रश्न त्या रात्री नेरूळ स्थानकाच्या फलाटावर प्रत्येकाच्या तोंडी होता, आणि मला त्याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. 2022 मध्ये साखळी फेरीचे सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले, तरी घरच्या अंगणात आपण पहिले आठ सामने हरलो. त्यांपैकी सातवा पराभव नेरूळचाच; धोनीने शेवटच्या चार चेंडूंत 16 धावा काढल्या, आणि मैदानातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी त्याचा जल्लोष केला. रणजी संघाच्या बाबतीत असे होणार नाही.

नेरूळच्या मैदानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो की त्या मैदानाला स्वतःचा संघ नसला तरी ते भारतीय महिला क्रिकेटचे खरे घर झाले आहे, असे माझे मत आहे. महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना मार्च 2023 मध्ये तिथेच झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे भारताने इंग्लंडला कसोटीत 347 धावांनी हरवले. ऑक्टोबर 2025 मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद 127 धावांच्या बळावर भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचे लक्ष्य गाठले. 2 नोव्हेंबरला अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला, तरी लोक छत्र्या आणि प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर धरून जागेवर बसून होते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास भारत 52 धावांनी जगज्जेता झाला. त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. रणजी पदार्पणात 260 धावा करणारा, मुंबईसाठी वर्षानुवर्षे धावांच्या राशी घालणारा आणि तरीही भारताकडून एकही सामना न मिळालेला हा फलंदाज. त्यांना त्या मैदानावर मुलींच्या घोळक्यात उभे पाहून, ज्यांनी रणजीचे रिकामे स्टँड पाहिले आहेत अशा कितीतरी माणसांचे डोळे भरून आले असतील. माझे तर आले.

आता फुटबॉल. इथे मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी मनापासून मांडतो. मुंबई सिटीची सुरुवात आपल्याकडेच झाली. 18 ऑक्टोबर 2014 रोजी नेरूळला घरच्या पहिल्या सामन्यात पुण्याला 5-0 ने हरवताना आंद्रे मोरित्झने हॅट्ट्रिक केली. ती या स्पर्धेतली पहिलीच हॅट्ट्रिक होती. त्या दिवशी ठाण्याहून थेट लोकलने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचलेली कितीतरी कुटुंबे आयुष्यात प्रथमच फुटबॉलचा सामना पाहत होती. दोन हंगामांनंतर, 2016 मध्ये, संघ अंधेरीच्या मैदानावर गेला. तिथे प्रेक्षक मैदानाच्या अगदी जवळ बसतो, लहान मैदान लवकर भरते आणि आवाज घुमतो, हे सगळे मला मान्य आहे. पण आपल्यासारख्याला तिथे जायचे तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, आणि सामना रात्री साडेनऊच्या सुमारास संपला की मुलाचा हात धरून तोच प्रवास उलटा करायचा. शनिवार-रविवारी हे जमते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जमत नाही, आणि जो पाठीराखा दोन-तीन हंगाम मैदानावर गेला नाही तो पुढे दूरचित्रवाणीवरही सामना लावत नाही. नवी मुंबईतला एक अख्खा प्रेक्षकवर्ग या संघाने असा गमावला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मी या संघाला सोडलेले नाही. 2020-21 मध्ये शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्या संघाची) आणि करंडक (त्यानंतरच्या बाद फेरीच्या विजेत्याचा) दोन्ही, 2022-23 मध्ये पुन्हा शील्ड, आणि 4 मे 2024 रोजी कोलकात्यात मोहन बागानच्याच मैदानावर 3-1 असा विजय मिळवून पुन्हा करंडक. अवघ्या 19 दिवसांपूर्वी त्याच मैदानावर त्याच संघाने आपल्या हातून शील्ड काढून घेतली होती, त्यामुळे तो विजय मला सगळ्यांत प्रिय आहे. करंडक उचलणारा कर्णधार राहुल भेके हा मुंबईचा मराठी मुलगा, ज्याने एअर इंडिया आणि मुंबई एफसी या दोन्ही संघांतून खेळून इथवरची वाट काढली. आज ते दोन्ही संघ राष्ट्रीय लीगमध्ये उरलेले नाहीत. महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता संघ 2010 मध्ये बंद झाला, मुंबई एफसी 2017 मध्ये. म्हणूनच 2025 चा हंगाम लीगच्या करारांच्या गुंत्यात अडकून वेळेवर सुरू झाला नाही तेव्हा मला खरी भीती वाटली होती. या शहराने फुटबॉल संघ मिटताना पाहिले आहेत.

6 नोव्हेंबर 2023 ची रात्र मात्र मी विसरणार नाही. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीचा अल हिलाल नेरूळला आला. नेमार दुखापतीमुळे येणार नव्हता, आणि दोनच आठवड्यांपूर्वी रियाधमध्ये त्या संघाने आपल्याला 6-0 ने हरवले होते. लोक तरीही आले. आपण 2-0 ने हरलो, पण बचाव फळीतल्या प्रत्येक टॅकलला संपूर्ण स्टँड उभा राहत होता. सामना सुटल्यावर रेल्वेच्या पुलावर वडिलांच्या खांद्यावर बसलेली एक मुलगी, पुढचा सामना कधी, असे विचारत होती. त्या मैदानावर मुंबई सिटीचा पुढचा सामना ठरलेला नव्हता.

तेव्हा तुम्ही मुंबई सिटीचे सामने शनिवारी किंवा रविवारी असतील तर जरूर जा. घणसोलीहून ठाण्याची लोकल, ठाण्याहून घाटकोपर आणि पुढे मेट्रो, असा मार्ग सोयीचा पडतो. रणजीचे सामने हिवाळ्यात असतात; वांद्रे-कुर्ला संकुलासाठी कुर्ल्याला उतरावे, पाण्याची बाटली आणि टोपी जवळ ठेवावी. मधल्या काळात घणसोली, दिवा, कोपरखैरणे या गावठाणांतले टेनिस चेंडूंचे सामने पाहा. रात्री प्रकाशझोतात चालणाऱ्या त्या स्पर्धांत संघ गावाच्या नावाने उतरतो, आणि त्यातले खेळाडू किती तयारीचे असतात हे 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर टेनिस चेंडूची देशपातळीवरची लीग भरली तेव्हा सगळ्यांनी पाहिले. आणि विदर्भाचा सामना मुंबईत असेल त्या दिवशी तुम्ही तुमच्या संघाची टोपी घालूनच या, कारण माझ्या शेजारची जागा मी तुमच्यासाठी आनंदाने धरून ठेवीन.