अॅडव्हान्सआधी कागद

अरे, कॅमेरा कोणता घ्यायचा ते नंतर बघू. नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवरची लग्नाच्या फोटोंची ऑर्डर मिळाली की आधी कागद कर, म्हणजे लेखी करार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाच: पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, वेगळा करार नसेल तर! म्हणून फोटो जाहिरातीत वापरायचा हक्क करारातच लिहून घे. रामकुंडावर स्वतःच्या हौसेने टिपलेली आरती मात्र तुझी. तिचा हक्क तू असेपर्यंत, आणि तुझ्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. कोपऱ्यातला वॉटरमार्क कुणीही क्रॉप करतो, त्यावर विसंबू नकोस. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स, स्वतःकडेच ठेव, अगदी मामाच्या घरचं लग्न असलं तरी. आणि बाकीचे पैसे अल्बम द्यायच्या आधी. नंतर लोक फोन उचलत नाहीत.