वाचकांचे प्रश्न : रिपोर्ट वाढले, आकडे जुळेनात

(या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं दूध संकलनाच्या हिशोबाशी जोडलेली आहेत, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत. पतसंस्था किंवा मालवितरण सांभाळणाऱ्यांनी ‘उत्पादक’च्या जागी खातेदार किंवा दुकानदार वाचावं.)

प्रश्न : आमच्या तालुका दूध संघात १४० च्या आसपास रिपोर्ट झाले आहेत. नवीन मागणी आली की जुनी क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागणारी आज्ञा) कॉपी करून थोडी बदलायची, असं वर्षानुवर्षं चाललं. आता एकाच महिन्याचं संकलन तीन रिपोर्टमध्ये तीन वेगळे आकडे दाखवतं. सुरुवात कुठून करावी?

कोड उघडू नका. आधी एक साधी यादी करा. रिपोर्टचं नाव, तो कोण मागतं, किती वेळा मागतं, कोणत्या टेबलांतून येतो आणि त्यात कोणत्या अटी लपल्या आहेत, एवढे पाच रकाने पुरतात. शेवटचा रकाना भरताना निम्मं कोडं सुटतं. ‘स्थिती बरोबर १’ अशी अट एका क्वेरीत असते आणि तिच्या कॉपीत गळलेली असते. मग एका रिपोर्टमध्ये नासून परत केलेलं दूध धरलं जातं, दुसऱ्यात नाही.

दूध धंद्यात आकडे न जुळण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे एकक. केंद्रावर नोंद लिटरमध्ये होते, डेअरीच्या काट्यावर टँकर किलोत मोजला जातो. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. म्हणजे १०,००० लिटरचे काट्यावर १०,३०० किलो होतात आणि रिपोर्टवर एकक छापलेलं नसलं की ३०० ची ‘वाढ’ शोधत माणसं दिवस घालवतात.

यादी झाल्यावर ठरवायची गोष्ट : एक ओळ म्हणजे काय? संकलनासाठी याचं उत्तर बहुधा ‘एक उत्पादक, एक तारीख, एक पाळी, एक जनावरप्रकार’ असं येईल. त्या पातळीवर एक मूळ व्ह्यू (नाव देऊन साठवलेली, टेबलासारखी वाचता येणारी क्वेरी) बांधा. नासलेल्या दुधाची अट, लिटरचं किलोत रूपांतर, रद्द केलेल्या नोंदी वगळणं, हे सगळं त्या एका व्ह्यूत. त्यावर दोन-तीन बेरजेचे व्ह्यू : केंद्रवार रोजचे, उत्पादकवार बिल-मुदतीचे, गाय-म्हैस वेगळे. रिपोर्टने या व्ह्यूंनाच हात लावायचा, मूळ टेबलांना कधीच नाही. रिपोर्टच्या लॉगिनला मूळ टेबलं वाचायची परवानगीच देऊ नका. नियम भिंतीवर चिकटवून पाळला जात नाही. मात्र व्ह्यूवर व्ह्यू चढवत पाचव्या मजल्यावर जाऊ नका. वेग पडतो आणि अट कोणत्या मजल्यावर लागली हे कुणालाच सापडत नाही. दोन थर पुष्कळ झाले.

१४० पैकी बरेच रिपोर्ट फक्त केंद्र, तारीख किंवा पाळी बदलून तयार झालेले निघतील. तारीख-पासून, तारीख-पर्यंत, केंद्र, पाळी आणि जनावरप्रकार ही मापं बाहेरून घेतली की ते एका साच्यात बसतात. मापं क्वेरीत अक्षरं जोडून घालू नका, बांधलेले पॅरामीटर (क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी पाठवलेली मापं) वापरा. नाहीतर केंद्राच्या नावातलं एखादं अवतरणचिन्ह क्वेरी मोडतं आणि वाईट हेतूचा माणूस त्याच वाटेने आत शिरतो. रकान्याचं नाव मात्र पॅरामीटर म्हणून बांधता येत नाही. कोणत्या रकान्यावर क्रम लावायचा हे निवडू द्यायचं असेल तर मान्य नावांची ठरावीक यादी ठेवा. आणि सगळंच एका रिपोर्टमध्ये कोंबायचा मोह टाळा. वीस मापं असलेला रिपोर्ट कुणी वापरत नाही, सगळे तुम्हालाच फोन करतात.

जुने रिपोर्ट काढण्यापूर्वी कोण कधी कोणता रिपोर्ट चालवतो याची नोंद एका टेबलात ठेवायला लागा. पण तीन महिन्यांत कुणी उघडला नाही म्हणून लगेच उडवू नका. लेखापरीक्षणाचे रिपोर्ट वर्षातून एकदाच, मार्चअखेरीनंतर लागतात.

प्रश्न : उत्पादकाच्या दहा दिवसांच्या बिलात कपातीचं टेबल जोडलं आणि दुधाची रक्कम तिप्पट झाली. डिस्टिंक्ट (सारख्या किमती एकदाच धरणारा शब्द) लावल्यावर कमी झाली, पण तरी चुकतेच. का?

दहा दिवस, दोन पाळ्या, म्हणून दुधाच्या २० ओळी. कपातीच्या तीन : पशुखाद्य २,६००, अॅडव्हान्स १,५००, बँकेचा हप्ता ८००. दोन्ही टेबलं उत्पादक क्रमांकावर थेट जोडली की प्रत्येक दूध-ओळ प्रत्येक कपातीशी जुळते आणि ६० ओळी होतात. दुधाचे खरे ६,४०० रुपये १९,२०० दिसतात. कपात ४,९०० ची ९८,००० होते, तिकडे अजून तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

डिस्टिंक्टने हे बरं होत नाही. रकमेवर डिस्टिंक्ट लावलं की दोन पाळ्यांची रक्कम योगायोगाने सारखी आली तर त्यातली एक गायब होते. म्हणजे जास्तीचा आकडा जाऊन कमीचा येतो, आणि कमीचा आकडा लवकर पकडला जात नाही.

उपाय क्रमाचा आहे. दुधाची उत्पादकवार बेरीज आधी वेगळी करा, कपातीची वेगळी करा, दोन्हीकडे उत्पादकामागे एकच ओळ उरली की मग जोडा. हे पोटक्वेरीने जमतं, किंवा ‘विथ’ने, म्हणजे पोटक्वेरीला आधीच नाव देऊन. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ‘विथ’ आवृत्ती ८.० पासून चालतं.

जोडताना सुरुवात उत्पादकांच्या यादीपासून करा आणि दोन्ही बेरजा लेफ्ट जॉइनने (जुळणी नसली तरी यादीतली ओळ ठेवणारी जोडणी) लावा. साध्या जॉइनने कपात नसलेला उत्पादक बिलातून गळतो. दुधापासून सुरुवात केली तर ज्याची गाय भाकड आहे पण पशुखाद्याची बाकी आहे, तो गळतो. वसुलीच्या दृष्टीने हाच जास्त महत्त्वाचा! रिकाम्या जागी नल (‘किंमत नाही’ अशी खूण) येतो आणि ६,४०० वजा नल म्हणजे नलच, शून्य नाही. म्हणून कोअॅलेस लावून शून्य करा. रकमांचे रकाने डेसिमल प्रकारचे ठेवा. फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) पैशाचे तुकडे सांडतात आणि हजार बिलांच्या बेरजेत काही पैसे जुळत नाहीत.

प्रश्न : महिन्याच्या रिपोर्टमध्ये ३१ तारखेचं दूध येत नाही. १ तारखेला सकाळची पाळी कमी दिसते ते वेगळंच.

दोन वेगळे दोष आहेत.

पहिला ‘बिट्वीन’चा, म्हणजे ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ या अटीचा. रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल तर ‘१ मार्च ते ३१ मार्च’ याचा अर्थ ३१ मार्चच्या मध्यरात्री ००:०० पर्यंत असा होतो. त्या दिवसाच्या दोन्ही पाळ्या बाहेर. ‘१ मार्चपासून, १ एप्रिलच्या आधी’ अशी अट लिहा : खालच्या टोकाला मोठं-किंवा-समान, वरच्या टोकाला फक्त लहान. महिना २८ चा असो की ३१ चा, अट बदलत नाही. रकान्यावर महिना किंवा वर्ष काढणारं फंक्शन लावून तुलना करू नका. त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) मग कामाला येत नाही आणि पूर्ण टेबल वाचलं जातं.

दुसरा दोष घड्याळाचा. भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतो, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे ५:१० ची नोंद सर्व्हरच्या हिशोबाने ३१ मार्चच्या रात्री ११:४० ची ठरते. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत काट्यावर आलेलं दूध आदल्या दिवसात जातं, उशिरा आलेलं बरोबर राहतं. त्यामुळे चूक रोज वेगळ्या मापाची येते आणि सापडायला जड जाते. संकलनाची तारीख आणि पाळी हे दोन स्वतंत्र रकाने ठेवा, ते नोंद करतानाच भरा. सर्व्हरची वेळ फक्त ‘नोंद कधी झाली’ हे कळण्यापुरती.

याच कामाला एक दिनदर्शिका-टेबल करा, दिवसामागे एक ओळ. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०३५ यांच्या अवघ्या ७,३०५ ओळी होतात. प्रत्येक ओळीत आर्थिक वर्ष, महिना आणि बिलाची मुदत लिहून ठेवा. १ ते १०, ११ ते २० सरळ आहेत. तिसरी मुदत महिन्यानुसार ८, ९, १० किंवा ११ दिवसांची होते आणि हा हिशोब प्रत्येक क्वेरीत नव्याने केला की कुठेतरी फेब्रुवारी फसतो. शिवाय दिनदर्शिकेपासून सुरुवात केली की ज्या दिवशी केंद्रावर दूधच आलं नाही तो दिवस शून्यासह दिसतो. एरवी तो दिवस रिपोर्टमध्ये नसतोच, आणि जे नाही त्याबद्दल कुणी विचारत नाही.

प्रश्न : केंद्राची सरासरी फॅट आणि डेअरीवरची फॅट यांत कायम फरक येतो. चोरी समजायची का?

आधी सरासरी कशी काढली ते पाहा. सकाळी ४० किलो दूध ३.५ फॅटचं, संध्याकाळी १० किलो ४.५ चं. साधी सरासरी ४.० येते. किलोफॅटने मोजा : १.४० अधिक ०.४५ म्हणजे १.८५ किलो, भागिले ५० किलो, म्हणजे ३.७. बेरजेच्या व्ह्यूत सरासरी साठवूच नका. वजन आणि किलोफॅट साठवा, भागाकार शेवटच्या ओळीत करा. सरासरीची सरासरी काढण्याचा रस्ताच बंद होतो. एसएनएफचंही (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) असंच. इतकं करून फरक उरला तर मग नमुन्याकडे, मशीनकडे आणि माणसांकडे वळा.

प्रश्न : बिलाच्या दिवशी रिपोर्ट चालवले की केंद्रांवरची नोंद अडकते. रिपोर्ट आधीच तयार ठेवावेत का?

हो, पण कोणते ते निवडून. बंद झालेल्या मुदतीचे आकडे बदलायचे नसतात, ते एकदाच मोजून टेबलात ठेवा. चालू मुदतीचे तेवढे थेट काढा, आणि शक्य असेल तर डेटाबेसच्या वाचनापुरत्या प्रतिकृतीवरून. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मटेरिअलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू) मिळतो. तो ताजा करताना वाचणाऱ्यांना थांबावं लागू नये म्हणून ‘कन्करंटली’ वापरा. त्यासाठी त्या व्ह्यूवर युनिक इंडेक्स (दुबार किंमत येऊ न देणारी सूची) हवाच. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही. तिथे साधं टेबल करून रात्रीच्या इव्हेंटने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) भरायचं : बदललेल्या मुदतीच्या ओळी पुसून पुन्हा घालायच्या, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही असा गठ्ठा), नाहीतर मधल्या क्षणी रिपोर्ट काढणाऱ्याला शून्य दिसतं.

दर बिलाच्या ओळीतच साठवा. जुनं बिल आजच्या दरपत्रकावरून पुन्हा मोजणारा रिपोर्ट दर बदलताच खोटा होतो. उशिरा आलेली दुरुस्ती बंद मुदतीत घुसवू नका, पुढच्या मुदतीत ‘फरक’ म्हणून वेगळी ओळ टाका. प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर ‘आकडे कोणत्या वेळेपर्यंतचे’ ही एक ओळ छापा. अर्धी भांडणं तिथेच संपतात.

आणखी एक सवय लावा. काट्याशी हाताने ताडून पाहिलेली एक जुनी मुदत निवडा, तिची एकूण बेरीज लिहून ठेवा. व्ह्यूत काहीही बदल केला की ती मुदत पुन्हा चालवा. एका पैशाचा फरक आला तरी बदल मागे घ्या.

प्रश्न : सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांचा चिखल होतो, खाते क्रमांकही बिघडतात.

फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत, सुरुवातीच्या बीओएम खुणेसह (फाइल युनिकोडमध्ये आहे हे एक्सेलला सांगणारी खूण) लिहा. नावं नीट दिसतील. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं आणि सुरुवातीची शून्यं गाळतं, म्हणून सीएसव्हीवर डबल-क्लिक न करता ‘डेटा’ मेनूतून फाइल आत घ्या आणि खाते क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठरवा. बँकेला जाणारी फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करूच नका. जुन्या डेटाबेसमधली नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर बीओएमने काही होणार नाही. आत रोमन अक्षरंच आहेत. ती एकदा कायमची युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेली नावं उत्पादकांच्या मूळ टेबलातच ठेवा.